किल्ली वाजली की

आमच्या घरी गाडीची किल्ली आता डब्यात ठेवतात. हळदीचा रिकामा डबा, आत फडकं, फडक्यात किल्ली. कारण खुंटीवरून ती काढताना जो बारीकसा आवाज होतो, तो बंड्याला तीन खोल्या पलीकडून, गाढ झोपेत ऐकू येतो. मग पुढची दहा मिनिटं घरात दुसरं काही होऊ शकत नाही. दारापर्यंत धाव, दारापासून चपलांपर्यंत धाव, एक चप्पल तोंडात, गोल गोल फिरणं आणि एक विशिष्ट किंकाळी. ती ऐकून समोरच्या आजी पहिल्या वर्षी दोनदा धावत आल्या होत्या.

बंड्या राजापाळयम आणि गल्ली यांचा समसमान वारसदार आहे. चोवीस किलो, लांब पाय, गुलाबी नाक. नवऱ्याची बदली तंजावरला झाली त्या पहिल्याच पावसाळ्यात तो आमच्याकडे आला. या स्तंभासाठी पत्रं येतात त्यांत कुत्रा गाडीत बसायला घाबरतो, काय करू, असं विचारणारी बरीच असतात. उलट तक्रार क्वचित येते. गाडी आवडणारं कुत्रं म्हणजे नशीबच, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. घाबरणारं कुत्रं सीटखाली मुटकुळं करून पडतं, ओकतं, थरथरतं. आपल्याला वाईट वाटतं, पण गाडी निदान रस्त्यावर राहते. उत्साही कुत्रं मात्र चालकाच्या मांडीवर येतं.

आमच्या बाबतीत ते कुंभकोणमच्या रस्त्यावर झालं. चाळीस किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना भात, मध्ये मध्ये गावं. डाव्या बाजूने शेळ्या चालल्या होत्या. राजापाळयम हा मुळात शिकारी कुत्रा. तो वासापेक्षा नजरेने शिकार करतो आणि हलणारी वस्तू दिसली की त्याचं डोकं विचार करायच्या आधी पाय निघतात. बंड्या मागच्या सीटवरून दोन सीटांमधल्या फटीतून पुढे आला आणि गिअरवर पाय देऊन नवऱ्याच्या खांद्यावर चढला. समोरून एअर हॉर्न वाजवत बस येत होती. नवऱ्याने गाडी डावीकडे घेतली आणि ती रस्त्याकडेला वाळत घातलेल्या भातावर जाऊन थांबली. ज्यांचं भात होतं त्या बाई आल्या, कुत्र्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि तमिळमध्ये एवढंच म्हणाल्या की लहान मूल असतं तर असं मोकळं बसवलं असतं का? लेक मागे रडत होती. बंड्या शेळ्यांकडे बघून शेपूट हलवत होता.

त्या रात्री मी हिशेब केला. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने धडक बसणं म्हणजे साधारण दहा मीटर उंचीवरून खाली पडण्याइतका जोर. तिसऱ्या मजल्याची गच्ची समजा. चोवीस किलोचं कुत्रं तिथून पडलं तर त्याचं काय होईल, आणि ज्याच्या डोक्यावर पडेल त्याचं काय होईल? आपण समोरच्या सीटवर पट्टा लावून बसतो आणि मागे सामानापेक्षाही मोकळं काहीतरी ठेवतो. सामान निदान उड्या मारत नाही. कायद्यालाही हे मान्य नाही. मोटार वाहन कायद्याच्या १२५व्या कलमात चालकाच्या ताब्यात अडथळा येईल असं कुणाला बसू देऊ नये आणि काही ठेवू नये, असं म्हटलं आहे. प्राण्यांचा छळ प्रतिबंधक कायदा १९६०चा. त्यात प्राण्याला विनाकारण त्रास होईल अशा रीतीने नेणं हा छळ धरला आहे. पण दंडाच्या भीतीने कुणी पट्टा विकत घेत नाही. भातावरच्या त्या बाईंच्या प्रश्नाने आम्ही घेतला.

पट्टा म्हणजे गळ्याचा नव्हे, हे आधी सांगते. गळपट्ट्याला साखळी लावून सीटला बांधलं आणि ब्रेक लागला तर तो फासच. छातीभोवती बसणारा रुंद पट्ट्यांचा हार्नेस घ्यायचा, आणि सीटबेल्टच्या खटक्यात अडकणारी छोटी दोरी. दोरी इतकीच लांब की त्याला उठता, वळता, आडवं पडता यावं; पुढच्या सीटपर्यंत पोचता येऊ नये. जागा मागचीच. पुढच्या सीटवर एअरबॅग असते आणि ती माणसाच्या छातीच्या हिशेबाने उघडते, कुत्र्याच्या तोंडाच्या नाही. लहान जातीचं कुत्रं असेल तर घट्ट बांधलेला पिंजरा उत्तम. मांडीवर घेऊन गाडी चालवणाऱ्यांचे व्हिडिओ गोड दिसतात, पण त्यात स्टिअरिंग आणि चालक यांच्या मधोमध तो जीव असतो.

पण पट्ट्याने उडी थांबते, ओरडणं थांबत नाही. पहिल्या दिवशी पट्ट्यात बांधलेला बंड्या मेडिकल कॉलेज रोडपासून थेट जुन्या बस स्टँडपर्यंत एका सुरात किंचाळला. ओरथनाडूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आमच्यापासून वीस-बावीस किलोमीटरवर. तिथल्या डॉक्टरांना लस देताना मी हे सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, तुम्हीच शिकवलंय. कसं? तो किंचाळतो तेव्हा गाडी सुरू होते. तो आणखी किंचाळतो, गाडी आणखी पळते. शेवटी दार उघडतं आणि समोर कल्लणईचं पाणी, वाळू, मोकळं मैदान. त्याच्या हिशेबाने गाडी त्याच्या आवाजावर चालते. पेट्रोल वगैरे आपल्या कल्पना.

मग आम्ही पंधरा-वीस दिवस जे केलं ते शेजाऱ्यांना अजून आठवतं. संध्याकाळी बंड्याला घेऊन गाडीपाशी जायचं. तो नाचायला लागला की काही न बोलता परत घरात. पाच मिनिटांनी पुन्हा. चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच दार उघडायचं. पहिल्या संध्याकाळी आम्ही अकरा वेळा ये-जा केली आणि गाडीत एकदाही बसलो नाही. चौथ्या दिवशी तो बसला, तर आम्हीही बसलो, दारं लावली आणि गाडी सुरू न करता दहा मिनिटं नुसते बसून राहिलो. नवरा पेपर वाचत होता, लेक गणितं सोडवत होती, मी मटार सोलत होते. बंड्या तोंडाकडे बघत होता: हे चाललंय काय? तो कंटाळून जांभई देऊन आडवा झाला की एक चण्याचा दाणा. मग इंजिन सुरू, इंजिन बंद, घरात. मग गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. समोरच्या आजी इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. त्यांच्या मराठीत दर चार शब्दांनी एक तमिळ शब्द येतो. त्यांनी नवव्या दिवशी आईच्या मायेने विचारलं, पेट्रोलला पैसे हवेत का?

यात युक्ती एवढीच की गाडीत बसणं म्हणजे दर वेळी जत्रा, हे समीकरण तोडायचं. दहा फेऱ्यांपैकी सात फेऱ्या कंटाळवाण्या झाल्या पाहिजेत. रेशनच्या दुकानापर्यंत, इस्त्रीवाल्यापर्यंत, आणि परत. उतरायचं नाही, पळायचं नाही. ज्यांची कुत्री गाडीला घाबरतात त्यांचं नेमकं उलट असतं. त्यांच्या दहापैकी दहा फेऱ्या सुईकडे जातात. त्यांनी सात फेऱ्या जत्रेच्या ठेवाव्यात. आणि घाबरणाऱ्याला ओढत, उचलून आत कोंबू नये, तसं उत्साही कुत्र्याला "बस, बस, बस" असं ओरडूनही सांगू नये. आपण ओरडतो तेव्हा त्याला वाटतं आपणही खूश झालोय.

निघायच्या आधी त्याला दमवा, हेही महत्त्वाचं. अर्ध्या तासाचं चालणं, आणि हुंगू द्या. भरपूर हुंगलेलं कुत्रं दमतं. खिडकीच्या काचेचं बटण चालकाकडून बंद करून ठेवा. बंड्याने पंजाने ते दाबून काच खाली केली होती, आणि पंजाने वर करूही शकला असता, मान बाहेर असताना. डोकं बाहेर काढून कान उडवत जाणारं कुत्रं हे कुठल्याही रस्त्यावरचं सगळ्यात आनंदी दृश्य असेल, मान्य. पण डेल्टात सुगीच्या दिवसांत हवेत तूस उडत असतं, आणि डोळ्यात गेलेला एक कण बुबुळाला जखम करू शकतो. नाक बाहेर येईल इतकीच फट ठेवा. वास त्याला तेवढ्यातून सगळे मिळतात.

इथल्या रस्त्यांवर आणखी एक गोष्ट असते ती मला पुण्यात माहीत नव्हती. अंत्ययात्रा. फुलं उधळत, पऱई वाजवत, मध्ये मध्ये फटाक्यांची माळ लावत जाते. खिडकी उघडी असलेल्या गाडीत कुत्रं असेल आणि दहा फुटांवर माळ लागली तर काय होईल, याचा विचार आधी करून ठेवावा. लांबून ढोल ऐकू आले की आम्ही काचा वर करतो, गाडी बाजूला घेतो, थांबतो. तसंही थांबायचंच असतं.

महाभारतात शेवटी युधिष्ठिराला न्यायला इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, तू चल, कुत्र्याला ठेव. युधिष्ठिर म्हणतो, मग मीही येत नाही. कुत्र्याला बरोबर नेण्यावरून झालेला आपल्याकडचा हा सगळ्यात जुना वाद असावा. मला ती गोष्ट फार आवडते, पण गेल्या वर्षीच्या मे महिन्यानंतर ती मी वेगळ्या कानांनी ऐकते.

पुण्याहून दीर-जाऊ आले होते. तंजावरला आलेल्या मराठी पाहुण्याला बृहदीश्वराच्या देवळात नेऊन १८०३चा तो भिंतीवर कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास दाखवल्याशिवाय सोडता येत नाही. सकाळी निघायचं होतं, आवरता आवरता साडेदहा झाले. अग्नी नक्षत्रम चालू होतं. मे महिन्याचे पहिले तीन-साडेतीन आठवडे इथे हे नाव नुसतं उच्चारलं तरी घाम येतो. बंड्याने किल्ली ऐकली होती. त्याला घरी ठेवायचं जिवावर आलं. देवळात कुत्र्याला नेता येत नाही, म्हणून ठरलं की पाळी-पाळीने आत जाऊ, कुणीतरी गाडीपाशी थांबेल. झाडाखाली गाडी लावली. माझी थांबायची पाळी होती. तेवढ्यात आतून फोन आला, शिलालेख सापडत नाही, पाच मिनिटं ये. काचा चारही बाजूंनी बोटभर खाली केल्या, वाटीत पाणी ठेवलं आणि गेले.

बाहेर ३५ अंश असेल तर बंद गाडीत दहा मिनिटांत ४५ होतात आणि अर्ध्या तासात ५४च्या आसपास. काच बोटभर उघडी ठेवल्याने यात जवळजवळ काही फरक पडत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरचं पाणी वाफ करून तो अंग थंड करतो. इथल्या दमट हवेत ती वाफ नीट होत नाही आणि बंद गाडीत त्याच्या स्वतःच्या श्वासाने हवा आणखी दमट होते. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धापही पुरेशी टाकता येत नाही. मोबाइलच्या त्या जाहिरातीनंतर आपल्याकडे घरोघरी पग आले, म्हणून हे वेगळं सांगते.

गाईड पाहुण्यांना सांगत होता की दोनशे फुटांहून उंच अशा या विमानाची सावली जमिनीवर पडतच नाही. पडते. मी उभी होते तिथून दिसत होती. आणि सावली सरकतेही. मी परत आले तेव्हा झाडाची सावली गाडीवरून निम्मी उतरली होती. पाच मिनिटांची अठरा झाली होती.

बंड्या सीटवर आडवा होता. शेपूट हलली नाही. जीभ बाजूला लोंबत होती, रुंद आणि गडद लाल, तोंडातून चिकट दोरीसारखी लाळ. उठवलं तर पाय लटपटले. माझ्या मदतीला आली ती देवळाबाहेर टोप्या विकणारी बाई. तिने मला बाजूला सारलं आणि तिच्याकडची प्यायच्या पाण्याची अख्खी कळशी त्याच्या पोटावर, काखेत, पंजांवर ओतली. मग कुणीतरी आणखी पाणी आणलं. टोपीवालीने पुठ्ठ्याने वारा घालायला सुरुवात केली. ती बरोबर करत होती, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. आधी थंड करायचं, मग न्यायचं. नळाचं साधं थंड पाणी चालतं, बर्फ शोधत वेळ घालवायचा नाही. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवायचा नाही, त्यात उष्णता कोंडते. पाणी ओतत राहायचं आणि वारा लागू द्यायचा. शुद्धीत असेल तर थोडं थोडं पाणी चाटू द्यायचं, तोंडात ओतायचं नाही. मग गाडीत एसी लावून थेट डॉक्टरकडे, जरी तो उठून बसला तरी. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं. दवाखान्यात पोचलो तेव्हा, इतकं पाणी ओतल्यावरही, बंड्याचं १०५ होतं. मूत्रपिंडाला आणि रक्त गोठण्याच्या क्रियेला झालेला त्रास एक-दोन दिवसांनी वर येतो म्हणून दोन दिवस तपासण्या झाल्या. वाचला. टोपीवालीला पैसे द्यायला गेले तर तिने एका टोपीचे घेतले आणि टोपी दिली.

तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम लिहून डब्याच्या झाकणावर चिकटवला आहे: सगळे जिथे उतरणार तिथे बंड्याला उतरता येत नसेल तर तो येत नाही. किल्ली डब्यात गेली ती त्यामुळे.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगते. निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खायला देऊ नका, पाणी चालतं. पिल्लांच्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा पुरती तयार झालेली नसते, म्हणून ती जास्त ओकतात आणि बरीचशी मोठी झाल्यावर थांबतात. ओकण्याआधी कुत्रं ओठ चाटतं, जांभया देतं, लाळ गाळतं, एकदम गप्प होतं. उत्साही कुत्रं गप्प झालं तर कौतुक करण्याआधी गाडी थांबवा. गोळी लागत असेल तर डॉक्टरांकडून घ्या. घरातली आपली गोळी अर्धी करून देऊ नका. आणि इथल्यांसाठी खास: देवळातून आणलेला चक्करै पोंगल गाडीत मागे ठेवू नका. त्यात बेदाणे असतात आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. बंड्या द्रोणाची पानंसुद्धा ठेवत नाही.

लांबचा प्रवास आम्ही वर्षातून एकदा करतो, पुण्याला, बाराशे किलोमीटरच्या वर. दोन दिवस. पहाटे चारला निघतो, दुपारी ऊन चढायच्या आत बंगळूरची बाजू गाठतो. दर दोन तासांनी थांबतो, आणि दार उघडण्याआधी दोरी हातात घेतो; हे काम लेकीचं, ती कुणालाही घाई करू देत नाही. राहायच्या जागेला आधी फोन करून कुत्रं आहे, चोवीस किलोचं आहे, असं स्पष्ट सांगायचं. "छोटंसं आहे" म्हणायचं नाही. रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र गाडीच्या खणात. परत आल्यावर कानामागे, बोटांमध्ये गोचीड शोधायचे. ज्यांना गाडी जमत नाही त्यांना रेल्वे आहे, पण तिथे एसी फर्स्टचा कूपे किंवा केबिन पूर्ण आपली लागते, नाहीतर कुत्र्याला ब्रेक व्हॅनच्या पेटीत एकट्याने जावं लागतं. बंड्याला त्या पेटीत मी ठेवणार नाही.

परवा ओरथनाडूला वार्षिक लसीसाठी नेलं. सरफोजी राजांनी तिथे मुक्तांबाळच्या नावाने बांधलेलं छत्र आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूंना तिथे जेवण मिळायचं. येताना त्याच्यासमोर थांबलो, बंड्याला उतरवलं, वाटीत पाणी दिलं. संध्याकाळ होती, ऊन गेलं होतं. तो प्यायला, खांब हुंगला, एका म्हाताऱ्या बकरीकडे बराच वेळ बघितलं आणि स्वतःहून गाडीपाशी येऊन दारासमोर बसला. चारही पाय जमिनीवर. मी मुद्दाम दार उघडायला वेळ लावला. त्याने फक्त एकदा, अगदी हळू, नाकातून कुंई केलं.